सगळ्यात शांत डिस्क

दुकानात त्यांना सगळे कानसेन म्हणत. तानसेन नाही तर निदान कानसेन तरी व्हावं असं लोक म्हणतात, यांनी ते पोटापाण्यालाच लावलं होतं. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या त्या दुकानात कुठलीही हार्ड डिस्क आली की आधी यांच्या कानाला लागायची. वायर जोडायची, आतली चकती फिरू लागली की डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "ही फार दिवस नाही टिकायची," किंवा "हिला काही धाड भरलेली नाही." निकाल सहसा खरा ठरायचा, त्यामुळे गृहस्थ थोडे चढलेही होते. ते सांगून टाकलेलं बरं.

त्यांची लेक पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. एका प्रकाशकानं तिच्याकडून नमुन्याचं एक प्रकरण मागवलं होतं. आवडलं तर अख्खी पुस्तकमाला तिच्याकडे येणार होती. नेमका तेव्हाच तिचा कॉम्प्युटर रडू लागला.

"बाबा, नवी डिस्क बसवा. फास्ट पण हवी आणि शांत पण."

"असं माणूस मिळत नाही अजून, डिस्क कुठली मिळायला!" आई म्हणाली.

कानसेनांनी दुकानात दोन डिस्क शेजारी शेजारी मांडल्या. एक मिनिटाला पंधरा हजार फेरे घेणारी, दुसरी त्याच्या निम्म्यानं. दोन्हींवर सारख्याच जाडजूड फायली उतरवल्या. पहिलीनं चष्मा पुसून होईतो काम उरकलं, दुसरीच्या नादात चहा गार झाला. मग कान लावला. हळू डिस्क म्हातारबुवा घोरावेत तशी घरघरत होती. वेगवान डिस्क सुरू होताना जराशी गुरगुरली आणि मग गप्प. कानसेन चक्रावले. दुप्पट पळायचं आणि तोंडातून ब्र काढायचा नाही? त्यांनी आवाज मोजायचा मीटर धरला तर मीटर नेमकं उलटं सांगू लागला. त्यांनी मीटरची बॅटरी बदलली. तरी तेच. "याचं डोकं फिरलंय," म्हणून त्यांनी मीटर खणात टाकला आणि वेगवान डिस्क घरी नेऊन बसवली.

लेकीनं वाचून पाठवलेलं प्रकरण प्रकाशकाकडून परत आलं. पाठीमागे सतत शिट्टी ऐकू येते, स्वच्छ करून पुन्हा एकदाच पाठवा, असा निरोप होता.

"बाबा, ती डिस्क किंचाळतेय हो."

कानसेनांनी कॉम्प्युटरचा डबा उघडून डोकं जवळजवळ आत घातलं. काही नाही. स्क्रू आवळले, पंखा बदलला, खाली रबर घातलं.

"आता?"

"तशीच."

"मला तर टाचणी पडल्याइतकाही आवाज येत नाही. तुला भास होतायत, बाई. शिट्टीचं सोड, तू अलीकडे तोंडातल्या तोंडात वाचतेस, ते आधी सुधार."

लेकीचा चेहरा उतरला. कितीतरी महिने ती हे ऐकत होती आणि एकेक पान घसा बसेपर्यंत पुन्हा पुन्हा वाचत होती.

दुसऱ्या दिवशी कानसेनांनी डिस्क दुकानात नेऊन जोडली, तर मालकांनी दोन्ही कानांत बोटं घातली. "अहो, बंद करा ते आधी!" कानसेनांना वाटलं, मुलीनं यांनाही फितवलं की काय? पण मुलगी तर मालकांना ओळखतही नव्हती. मग मीटर, मालक आणि मुलगी तिघं एकाच बाजूला कसे? घरी आले तेव्हा डोक्याचा पार भुगा झाला होता. स्वयंपाकघरात बसून ते बायकोला सगळं पहिल्यापासून सांगू लागले. तिचे हात साबणात होते.

"ते राहू द्या, आधी ती बंद करा!" ती ओरडली.

"काय बंद करू?"

"केटली! तुमच्या कोपराशी आहे. कधीची शिट्टी मारतेय."

कानसेनांनी वळून पाहिलं. केटलीच्या तोंडातून वाफेचा फवारा उडत होता. आत पाणी खदखदत होतं, तेवढं त्यांना ऐकू येत होतं. शिट्टी नव्हती.

"वर्षभर बघतेय," बायको हात पुसत आली. "शेजारी बसून ढिम्म हलत नाही. मला वाटायचं, मुद्दाम करताय." बोलता बोलता तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि केटली स्वतःच बंद केली.

त्यांनी त्याच संध्याकाळी हळू डिस्क जाड रबरी पट्ट्यांवर टांगली आणि लेकीच्या कॉम्प्युटरमध्ये बसवली. का बदलली ते बोलले नाहीत. तिची घरघर त्यांना थोडी ऐकू येत होती, माइकला मात्र ती पोचत नव्हती. लेकीनं प्रकरण रेकॉर्ड केलं आणि नेहमीसारखा हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला.

"आता तरी स्पष्ट आलंय का, बाबा? नसेल तर परत वाचते."

कानसेनांनी डोळे मिटले. वाचन तसंच येत होतं, बोथट, तोंडातल्या तोंडात. शब्दांच्या कडा कुठंतरी गळून पडत होत्या. कुठं, ते आता त्यांना कळलं होतं.

"परत नको वाचूस," ते हेडफोन काढत म्हणाले. "तू स्पष्टच वाचत होतीस गं. पहिल्यापासून. माझा कान गेलाय."

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. रागवावं की जवळ जावं, तिला कळेना.

"मग मी ती सगळी पानं कुणासाठी वाचली, बाबा?"

कानसेनांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं तो तसाच राहू दिला, आणि त्यांना न विचारता प्रकरण पाठवून दिलं.