दीपमालाबाईंच्या सदरातली राणी

सांगलीच्या दीपमालाबाईंचा राग बघायचा असेल तर त्यांच्यासमोर एवढंच म्हणावं, "लहान मुलांचंच तर आहे, चालतंय की!" पुढचा अर्धा तास मग आपला राहत नाही.

तीस वर्षं झाली, इथल्या एका दैनिकाच्या रविवारच्या पानावर त्या मुलांच्या विज्ञानाच्या प्रश्नांना उत्तरं देतात. स्वतः खात्री केल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, हा हट्ट. शिराळ्याच्या एका पोरानं विचारलं, "बाई, म्हस रवंथ करताना झोपती का वो?" बाई सबंध दुपार गोठ्यात बसून आल्या. फौजेतून निवृत्त झालेले त्यांचे यजमान धनाजीराव म्हणाले, "म्हशीची झोप उडाली असंल, ही कोण बघत बसलीया म्हणून."

आणि मागच्या महिन्यात छपाईला जाणारं पान बघताना बाई उडाल्याच. सदरात प्रश्न होता, 'अमुक द्राक्षरसानं बुद्धी वाढते का? — राणी, तासगाव.' खाली बाईंच्या नावानं उत्तर, 'हो, नक्कीच!' शेजारी त्याच रसाची रंगीत जाहिरात.

बाई तडक संपादकाच्या खोलीत. संपादक यशराज, नवा, गोड बोलणारा.

"ही राणी कोण?"

"असेल की मॅडम. तासगावात एक राणी नसेल होय?"

"बुद्धी कशी वाढंल, असं आजवर एका पोरानं विचारलं नाही मला! ती काळजी आईबापाला, न्हाईतर दुकानदाराला!"

"रसानं कुणी मरत नाही, मॅडम."

"मरत नाही म्हणून छापायचं? उद्या उसाच्या रसानं उंची वाढवा!" टेबलावरचा चहा हिंदकळला. "गणितात नापास झालेली पोर बापाकडं बाटली मागंल. बाप म्हणंल, बाईंनी लिहिलंय म्हणजे खरं असणार."

"म्हणून तर तुमच्याच सदरात घेतलं," यशराज बोलून गेला.

बाईंनी पेन काढून स्वतःचं नाव खोडलं आणि पान पुढं सरकवलं.

"उत्तर राहू दे. खाली तुमचं नाव घाला."

"माझं कशाला?"

"का? रस चांगला हाय नव्हं?"

यशराजनं पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

रविवारी राणी छापली गेली नाही, जाहिरातही नाही. पुढच्या रविवारी सदरच नव्हतं.

"झालं नव्हं तुझ्या मनासारखं? आता तरी शांत बस," धनाजीराव म्हणाले.

"शांत? पोरांचं पान काढून घेतलंय आवं त्यांनी!" म्हणत बाईंनी पायात चपला सरकवल्या आणि दैनिकाच्या कचेरीकडं जायला रिक्षाला हात केला.