भामाबाईनं पाळलेला शब्द

भामाबाई विट्याकडच्या धनगर घरातली. लग्नानंतर लवकरच नवरा तापानं गेला आणि भावानं तिला मिरजेला नर्सचं काम शिकायला धाडलं. पुढं ती खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात लागली. शिकताना दोन गोष्टी तिच्या मनावर ठसल्या होत्या. रोग्याचं गुपित बाहेर फोडायचं नाही, आणि हाताबाहेरची जखम डॉक्टरपासून लपवायची नाही. या दोन गोष्टी कधी एकमेकींच्या आड येतील, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं.

त्रेचाळीस साली शेजारच्या गावची अंबूबाई तिला बोलवायला आली. तिचा एकुलता मुलगा मानसिंग भूमिगतांत होता. पोलिसांची गोळी मांडीत शिरली होती आणि तो मळ्यातल्या खोपीत पडला होता. भामाबाईनं फडकं सोडलं. वासावरूनच तिला कळलं.

"मानसिंग, पाय सडाय लागलाय. मिरजेला नेऊन कापाय पायजे."

"आक्का, गोळीची जखम दिसली की चौकीला कळवत्यात. मला मारमारून बाकीच्यांची नावं काढत्याली. मी न्हाई येणार. तुज्या डॉक्टरला बी सांगू नगंस. शब्द दे."

अंबूबाई म्हणाली, "पाय जाऊ द्या, तुरुंगात जाऊ द्या, पर पोरगं ऱ्हाऊ द्या, बाई."

मानसिंग जाणता होता, शुद्धीवर होता. पाय त्याचा, जीवही त्याचाच. भामाबाईनं शब्द दिला.

ती रोज जाऊन जखम धूत होती, औषधाच्या गोळ्या देत होती. कुठं जातेस म्हणून डॉक्टरांनी विचारलं, तर बाळंतिणीकडं म्हणून सांगत होती. मग मानसिंगला वात झाला. तो आईला ओळखेना.

"आता त्याला काय कळतंय? आता तरी न्या," अंबूबाई पाया पडली.

"कळत हुतं तवा न्हाई म्हनलाय त्यो, मावशी," भामाबाई म्हणाली. पण रात्रभर तिच्या डोळ्यांपुढून अंबूबाई हलेना. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. ते भडकले, चौकीला निरोप धाडला, आणि गाडीही जोडून दिली.

मिरज आली नाही. तासगावच्या अलीकडं गाडीतच मानसिंग गेला. अंबूबाई एवढंच म्हणाली, "तुमी त्याचा शब्द ठेवलासा. मला त्यो पायजे हुता."

फरारी माणसाला मदत केली म्हणून भामाबाईवर खटला झाला. साताऱ्याच्या कोर्टात तिला विचारलं, खोपीवर आणखी कोण येत होतं? तिनं एकही नाव घेतलं नाही. सक्तमजुरी झाली, नोकरी गेली.

स्वातंत्र्य आल्यावर गावानं मानसिंगच्या नावानं सभा भरवली. भामाबाईला आणून पुढं बसवलं, हार घातला. अंबूबाई उठली आणि घरी निघून गेली. भामाबाईनं हार काढून बाकावर ठेवला.

त्यानंतर ती भावाच्या वस्तीवर राहिली. बायका पोरं घेऊन येत, कुणाला गळू, कुणाला भाजलेलं. ती जखमेकडं बघतही नसे. "डॉक्टरकडं न्या," म्हणून तोंड फिरवून बसे. काही जणी नेत. बऱ्याच जणी तशाच घरी परतत.