झोपाळ्याच्या अलीकडचं घर

"बाहेर का उभे, भावजी? आत या!"

वहिनी असं म्हणत तेव्हा मी दार ओलांडून चांगला आत आलेला असे. पण त्यांच्या लेखी ते बाहेरच. झोपाळ्याच्या अलीकडे घर, पलीकडे गाव, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

कर्जत स्टेशनात मी तारबाबू, त्यांचे यजमान मालबाबू. राहायला जागा नव्हती म्हणून त्यांना रेल्वेची एक जुनी कोठी मिळाली. घाटाचं काम चालू असताना तिथं सामान ठेवत. प्रचंड मोठी, आणि आत एकही भिंत नाही. सारवायला आलेली ठाकरीण दारातच थबकली.

"बाय, ह्ये घर हाय का खळं?"

"खळंच आहे गं. पण मला काही मळणी करायची नाही, संसार करायचाय."

आणि त्यांनी तो केला. आढ्याला झोपाळा टांगला. फाटकी गोणपाटं उसवून, गेरूत बुडवून त्यांचे पडदे शिवले. ठाकरणीकडून भिंतीवर तांदळाच्या पिठानं झाडं, मोर काढून घेतले. तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हीही नकळत झोपाळ्यापाशी चपला काढल्या असत्या.

चैत्रात त्यांनी गौर बसवली. पितळी पाळणा बाजूला ठेवून मोठ्या झोपाळ्यावरच. हळदीकुंकवाला साऱ्या बायकांना बोलावलं, त्यांत रेल्वेच्या गोऱ्या साहेबाच्या मडमेलाही.

"मडमेला कसलं कुंकू?" शेजारणी कुजबुजल्या.

"नवरा जिवंत आहे ना तिचा? मग सवाष्णच ती. तिला वगळून गौरीला काय तोंड दाखवू?"

मडम आली. पन्हं प्याली, ओटीतले भिजवलेले हरभरे रुमालात बांधून घेतले. चारी बाजूंना पाहत काहीबाही बोलत राहिली. मी झोपाळ्याच्या पलीकडे दुभाष्या म्हणून उभा होतो.

"काय म्हणते हो?"

"घर फार सुंदर आहे म्हणते."

"मग! वर्षभर खपलेय म्हणावं."

थोड्याच दिवसांत साहेबाचा शिपाई हुकूम घेऊन आला. कोठी अंमलदारांच्या विश्रांतीसाठी हवी आहे. आहे तशीच सोडावी. झोपाळा, पडदे काही हलवू नये, मडमसाहेबांना ते आवडले आहेत.



"नोकरीचा प्रश्न आहे," मालबाबू खाली बघत म्हणाले. "दे सोडून."

"सोडते की. पण गौर माहेरी आलीय. अक्षय्य तृतीयेला जाईल. लेकीला मधेच घराबाहेर काढू?"

शिपाई म्हणाला, "बाई, मी काय करू? साहेबानं आजच सांगितलंय." त्या माणसाची मान वर होत नव्हती. मालबाबूंची तरी कुठे होत होती!

वहिनींनी झोपाळ्यावरची गौर उचलली, पदराखाली घेतली आणि रूळ ओलांडून चाळीतल्या एका खोलीत गेल्या. उरलेलं सामान आम्ही मागून नेलं.

लोक म्हणतात, साहेब वाईट नव्हता, मडम तर फार मायाळू होती. असेल. एखादीचं घर आवडलं म्हणून तिलाच घराबाहेर काढायचं, ही माया मला कळत नाही. कळून घ्यायचीही नाही.

त्या खोलीला चारही भिंती होत्या. वहिनींनी तिथं एक खिळा ठोकला नाही. मी एकदा म्हटलं, "निदान देवाची एक तसबीर तरी लावा."

"कशाला? पुन्हा कुणाला आवडली म्हणजे?"

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. त्याही कधी "आत या" म्हणाल्या नाहीत. मी दारात उभा राहायचो, त्या चहा तिथंच आणून द्यायच्या.

गेल्या आठवड्यात त्या गेल्या. सवाष्ण गेल्या, म्हणून बायकांनी हिरवं लुगडं मागितलं. ते गाठोड्यात होतं आणि गाठोडं कोपऱ्यात, कोठीतून आणलं तसंच बांधलेलं. इतक्या वर्षांत त्यांनी ते सोडलंच नव्हतं. मालबाबूंनी गाठीला दात लावले, नखं लावली. गाठ हलेना. शेवटी मी विळी घेतली आणि ती कापली.