वाफेआडचा खलाशी

शिरूरला रेल्वे नाही. पूर्वी नव्हती, आजही नाही. तरी माझ्या वडिलांनी आयुष्यभर हौसेनं फोटो काढले ते रेल्वेचे. स्टुडिओ चालायचा लग्नांवर आणि शाळांच्या ग्रुप फोटोंवर. पण जरा सवड मिळाली की तिवई आणि लाकडी कॅमेरा एसटीच्या टपावर बांधून ते दौंडला पळायचे. आई दौंडला सवत म्हणायची. आल्यावर त्यांच्या शर्टाला कोळशाचा वास यायचा आणि ती तो शर्ट चिमटीत धरून बादलीत टाकायची.

त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह अजून माझ्याकडे आहेत. दौंडच्या शेडमध्ये ओळीनं उभी असलेली वाफेची इंजिनं, बारामतीची छोटी गाडी, खंडाळ्याच्या घाटातले उंच कमानींचे पूल, भीमेवरचा पूल. वडील गेल्यावर पेट्या माळ्यावर पडून होत्या. माझी मुलगी स्टुडिओत अल्बमचं डिझाइन करते. तिनं त्या एकेक करून स्कॅन केल्या आणि फेसबुकवर टाकल्या. मग काय, लोकांना कढ आले. ‘काय दिवस होते ते!’ असं लिहिणाऱ्यांपैकी एकानंही इंजिनात कोळसा टाकलेला नसणार, हे मी पैजेवर सांगतो. मुलगी म्हणते, तुम्ही कमेंट वाचत जाऊ नका.

त्या फोटोंपैकी एक पाहून एप्रिलमध्ये दौंडहून एक बाई आल्या. चौफुला-न्हावऱ्यावरून एसटीनं, भर उन्हाच्या. वय सत्तरीकडे झुकलेलं, डोक्यावरून पदर, हातात प्लास्टिकची पिशवी. आमच्याकडे वयानं मोठ्या मुसलमान बाईला आपा म्हणतात, तसं मी त्यांना ‘बसा आपा’ म्हणालो. त्यांनी पाणी पिऊन घेतलं आणि पिशवीतून एक फोटो काढून काउंटरवर ठेवला.

फोटो आमचाच. मागे वडिलांचा शिक्का. भीमेवरच्या पुलाचं रंगकाम संपलं तेव्हाचा. पुलाच्या तोंडाशी इंजिन उभं, त्याच्यापुढे शेडची आणि पुलावरची माणसं ओळीत. ओळीच्या शेवटी, चाकाजवळ, वाफेचा एक पांढरा लोट. हाच फोटो मुलीनं फेसबुकवर टाकला होता. फरक एवढाच की आपांच्या प्रतीवर त्या लोटाच्या जागी कागद झिजून खरबरीत झाला होता.

“बोट लावून लावून झालंय ते,” त्या म्हणाल्या. “माझे अब्बा शेडमदी खलाशी व्हते, इंजिनं धुया-पुसायच्या कामाला. मी तान्ही असतानाच गेले, तापानं. फोटो ह्यो एकच. अम्मा वाफंवर बोट ठिवायची आन् म्हनायची, हितं हायत तुझे अब्बा, वाफंच्या मागं. मी बी तेच करत आले.”

मग त्यांनी मला विचारलं, “भाऊ, काच तुमच्यापाशी हाय म्हनं. ती वाफ जरा बाजूला करता येती का?”

मला हसू आलं. त्याची अजून लाज वाटते. मी समजावलं की काचेवर वाफ आली ती आली, तिच्यामागचं काही कॅमेऱ्यानं पाहिलेलंच नसतं. त्यांनी फोटो माझ्याकडे आणखी थोडा सरकवला. नुसतं ‘नाही’ म्हणून पाठवणं बरं दिसेना, म्हणून पेटीतून ती काच काढली आणि खिडकीशी धरली.

लोट होता तिथे काचेवर लाल रंग होता. ब्रशनं लावलेला, जाडसर, कडेला हलक्या हातानं पसरवलेला.

जुन्या स्टुडिओवाल्यांना हे सांगायला नको. निगेटिव्हवर लाल रंग लावला की तिथून उजेड जात नाही, आणि कागदावर ती जागा पांढरीफटक उमटते. नको असलेली तार, मांडवात शिरलेलं कुत्रं असंच घालवतात. आणि फोटो काढताना कोणी हलला, तर वडील त्यालाही असाच घालवायचे. काच वाया घालवणं त्यांना परवडायचं नाही, आणि हललेला माणूस आपल्या फोटोत राहू देणं तर त्यांच्या जिवावर यायचं. रेल्वेच्या फोटोत तर सोयच होती. इंजिन शेजारी उभं, वाफ कुठेही काढावी.

म्हणजे वाफ नव्हतीच. आपांचे वडील तिथे पुरते उभे होते आणि माझ्या वडिलांनी ते पुसले होते. जवळजवळ सत्तर वर्षं दोघी मायलेकी माझ्या बापाच्या ब्रशवर बोट ठेवत होत्या. पण आपांना हे सांगवेना. ‘प्रयत्न करून बघतो, आठ दिवसांनी मीच दौंडला येतो,’ एवढंच म्हणालो आणि त्यांना एसटीत बसवून दिलं.

परत आलो तो सरळ डार्करूममध्ये शिरलो. डार्करूम कसली, आता तिथे फ्रेमा आणि केरसुणी असते. ट्रे धुतला, नळ सोडला, काच पाण्यात ठेवली आणि कापसाचा बोळा लाल रंगावरून फिरवू लागलो.

उन्हाळ्यात काच धुवायची तर माठाच्या पाण्यात धुवायची, तेही तुरटी फिरवून. हा नियम मी शाळेत जायच्या आधी शिकलो होतो. काचेवरचा फोटोचा थर असतो सरसाचा, गरम पाणी लागलं की तो सुटतो. वडील एप्रिल-मेमध्ये प्यायच्या माठाला आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. घरचे तहानेले राहिले तरी चालतील, काच गारच धुतली गेली पाहिजे. आणि मी, त्यांचा मुलगा, दुपारी दोन वाजता गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी सोडून बसलो होतो. मोबाइलवर फोटो काढणाऱ्या पोरानं केलं असतं तर मी त्याचे कान उपटले असते.

रंग भराभर सुटला. पाणी गुलाबी झालं आणि त्याखालून माणूस वर आला.

निगेटिव्ह वाचायची मला सवय आहे. लोकांना त्यात भुतं दिसतात, मला माणसं दिसतात. कोळशानं काळवंडलेला माणूस निगेटिव्हमध्ये उजळ असतो, तसा तो उजळ होता. डोक्याला फडकं गुंडाळलेलं. हनुवटी बारीक. मिशा नुकत्या राखलेल्या वाटत होत्या, पंचविशीचाही नसेल. चेहरे दोन होते. एक समोर बघणारा, अगदी पुसट. दुसरा बाजूला वळलेला, त्याहून ठळक. भिंगावरचं टोपण काढून वडील आकडे मोजत असतील, तेवढ्यात यानं मान वळवली होती आणि बराच वेळ वळवूनच ठेवली होती.

मी किती वेळ बघितलं कोण जाणे. मोबाइल बाहेर काउंटरवर होता. हात पुसले, पळत गेलो, घेऊन आलो. तोवर थर दुधाच्या सायीसारखा सुरकुतला होता. मी ट्रे उचलला, तेवढा हिसका पुरला. माणसांची ती अख्खी ओळ, इंजिनाच्या चाकासकट, गोळा होऊन ट्रेच्या कोपऱ्यात गेली. बोटानं सरळ करायला गेलो तर तुकडे झाले. काच स्वच्छ झाली होती. तिच्यातून ट्रेचा तळ दिसत होता.

मी तिथेच खाली बसलो आणि रडलो. त्या माणसाला माझ्या बापानं झाकला होता, पण निदान ठेवला तरी होता. मी त्याला संपवला.

पुढचे दिवस वाईट गेले. रांजणगावच्या कंपन्यांमध्ये लागणारी पोरं गेटपाससाठी पासपोर्ट फोटो काढायला रोज येतात, बिहारची, यूपीची, मराठवाड्याची. ती स्टुलावर बसली की त्यांच्या सरळ चेहऱ्याच्या बाजूला मला दुसरा वळलेला चेहरा दिसायचा. एका पोराला मी चार वेळा बसवलं. तो म्हणाला, “चाचा, हम तो हिले ही नहीं.” खरंच हलला नव्हता. मी त्याला म्हटलं, जा बाबा, झालं. शेवटी मुलीनं मला काउंटरवर बसायला लावलं आणि कॅमेरा स्वतः घेतला.

तिला मी सगळं सांगितलं. तिनं आपल्या परीनं मार्ग काढला. आपा आल्या होत्या तेव्हा तिनं त्यांचा एक फोटो मोबाइलवर काढला होता. तो कॉम्प्युटरवर घेतला, एआयला सांगून वय उतरवलं, पुरुष केला, मिशा दिल्या, फडकं बांधलं, आणि वाफेच्या जागी नेऊन उभा केला. प्रिंट काढलं. सुरेख जमलं होतं. आपांचंच नाक, आपांचेच डोळे. समोर बघणारा, ताठ, करारी. वडिलांनी पाहिला असता तर म्हणाले असते, याला म्हणतात उभं राहणं.

“खोटं आहे गं,” मी म्हणालो.

“पप्पा, त्यांनी कुठे खरं बघितलंय? म्हातारीला बरं वाटेल,” ती म्हणाली.

मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. खरं सांगायचं तर मला माझी चूक झाकायची होती, आणि झाकायची कला आमच्या घरात होतीच.

आठव्या दिवशी दौंडला गेलो. आपा रेल्वे लाइनच्या पलीकडे भाच्याच्या घरी राहतात. भाचा कामावर गेला होता. त्यांनी चटई टाकली, चहा ठेवला, पण मी आत येताना त्यांची नजर माझ्या हातातल्या पाकिटावर होती. चहा उतू गेला तरी त्यांना कळलं नाही. मी पाकीट दिलं.

त्यांनी चष्मा लावला. फोटो मांडीवर घेतला. पदरानं बोट पुसलं आणि मग त्या चेहऱ्यावर ठेवलं. मला वाटलं आता रडतील. त्या रडल्या नाहीत. बराच वेळ बघून त्यांनी बोट काढून घेतलं.

“समोर बघत्यात,” त्या म्हणाल्या.

“हो,” मी म्हणालो.

“म्हंजी बघितलं न्हाईच.”

मला काही समजेना. काय बघितलं नाही, असं विचारलं. त्या फोटोकडे बघतच बोलल्या. “त्या दिवशी अम्मा मला घिऊन नदीच्या काठाला उभी व्हती. भाकरी द्यायला गेल्ती. सगळ्यास्नी सरळ बघा म्हनून सांगितलं आन् नेमकी मी रडले. अम्मा म्हनायची, तुझा आवाज आला तसं त्यांनी सगळं सोडून तुझ्याकडं बघितलं. त्यांचं मला ठावं असलेलं एवढंच हाय बघा, दुसरं काय न्हाई. मला वाटायचं, अम्मा माझं मन राखाया बोलत आसंल. म्हनून म्हनलं, वाफ बाजूला झाली तर कळंल.” त्यांनी फोटो चटईवर ठेवला. “आता कळलं.”

स्टोव्ह विझला होता, त्याचा वास खोलीभर झाला होता. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. मी बोलायला सुरुवात केली आणि मग थांबलो नाही. लाल रंग सांगितला. वडील हललेल्या माणसाला कसं घालवायचे ते सांगितलं. टाकीचं पाणी, सुटलेला थर, कोरी काच, मुलीचा कॉम्प्युटर, सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, “आपा, ते हलले होते. मान वळवली होती त्यांनी. म्हणूनच तर पुसले गेले.”

त्यांनी चटईवरच्या फोटोकडे बोट केलं. “मंग ह्यो कोन?”

“कोणी नाही,” मी म्हणालो.

त्यांनी तो उचलून माझ्या हातात परत दिला. रागावून नाही, आपल्या घरी दुसऱ्याचं टपाल आलं तर देतो तसा. मग चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

“तुमी बघितलं त्यांना? तुमच्या डोळ्यानं?”

“बघितलं.”

“किती वळले व्हते?”

मी शब्दांत सांगायला गेलो, जमेना. काच थराकडून बघितली की डावं-उजवं उलटं दिसतं, ते मनाशी नीट लावून घेतलं. मग उठून उभा राहिलो, पाठ ताठ केली, हात खाली सोडले आणि त्या माणसानं वळवली होती तेवढी मान डावीकडे वळवली, जिकडे नदीचा काठ आला असता तिकडे. समोर भिंतीला टेकवलेली सायकल होती. आपा चटईवरून उठल्या आणि माझ्या नजरेसमोर, त्या सायकलपाशी, जाऊन उभ्या राहिल्या.

“तसंच ऱ्हावा जरा,” त्या म्हणाल्या.

मी हललो नाही.