आबांचा चांगला पाय

मी टेप पुन्हा लावली. माप तेच आलं. आबांच्या उजव्या मांडीचा घेर वाढला होता आणि दुखऱ्या डाव्या पायाची मांडी होती त्याहून बारीक झाली होती. व्यायाम करणाऱ्याचं असं होत नाही. न करणाऱ्याची निदान चांगली मांडी तरी आहे तेवढीच राहते. मग ही काय भानगड?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीत माझी फिजिओथेरपीची प्रॅक्टिस नवीन होती. लोक मला 'शेकवाल्या बाई' म्हणायचे. कऱ्हाटी गावचे आबा लंगडत आले, तेव्हा एक्स-रेमध्ये डाव्या गुडघ्याची झीज सरळ दिसत होती. ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर झिजणं. ते मला परत आणता येत नाही. पण मांडीचे स्नायू बळकट केले, तर गुडघ्यावरचा भार ते वाटून घेतात. म्हणून मी मशीनचा शेक द्यायचा आणि व्यायाम आबांनी घरी करायचा, असं ठरलं. व्यायाम सोपा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घ्यायची, गुडघ्यानं ती दाबून धरायची, सोडायची. मी एकदा दाखवला होता.

आबांना पाय हवा होता तो मेंढरांसाठी. बापजाद्यांपासूनचा कळप. मुलगा साखर कारखान्यात नोकरीला. त्यानं सांगून टाकलं होतं, दिवाळीपर्यंत आबा कळपामागं फिरू लागले नाहीत तर मेंढरं बाजारात. मला त्या मुलाचा रागच आला होता. पण त्याचं तरी काय चुकलं? मेंढरांमागं जाणार कोण?

आणि आता ही मांडी. मुलगा तर शपथेवर सांगत होता, की आबा सकाळ-संध्याकाळ व्यायाम करतात, एक दिवस चुकवत नाहीत. माझं डोकं चालेना. शेवटी म्हटलं, आबा, घरी करता तस्सं करून दाखवा.

आबा कॉटवर आडवे झाले आणि त्यांनी टॉवेल उजव्या गुडघ्याखाली घेतला.

"आबा, दुखतो डावा ना?"

"व्हय. म्हणून तर त्याला इसावा दिलाय. लंगड्या बैलाला कुणी जुंपतं व्हय?"

हसावं की कपाळ बडवून घ्यावं, कळेना. एवढी मेहनत, आणि सगळी भलत्याच पायावर! ओरडणारच होते, तेवढ्यात आठवलं. मेंढराचा पाय मोडला की आबा स्वतः बांबूच्या कामट्या बांधतात, हे त्यांनीच शेक घेताना सांगितलं होतं. मी विचारलं, कामट्या सोडल्यावर मेंढराला बसवून ठेवता का?

"छ्या! हळूहळू चालवावं लागतं. न्हायतर पाय वाळतोय."

बोलता बोलता ते आपल्या डाव्या मांडीकडं बघत राहिले. मग टॉवेल डावीकडं सरकवला.

दुखणं पुरतं गेलं नाही, जाणारही नव्हतं. पण दिवाळीच्या तोंडावर मी मुद्दाम कऱ्हाटीला गेले, तर आबा घरी नव्हते, रानात कळपामागं होते. मुलाला विचारलं, मेंढरं विकायचं काय झालं?

"कशाचं इकतोय बाई! बाजाराचं नाव काढलं की आबा काठी घेऊन मागं लागत्यात. आन् आता गाठत्यात बी."

तेव्हापासून व्यायाम करता का, असं मी पेशंटला विचारत नाही. करून दाखवा, म्हणते.