शिरगावच्या राक्षसाशी माझं युद्ध

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मधेच हसलात तर पुढचं माझ्याच्याने सांगवणार नाही! तर मंडळी, मी एकदा राजा झालो होतो.

मी मूळचा साताऱ्याकडचा, तारापूरच्या एका कारखान्यात शिफ्ट सांभाळतो. माझ्या हाताखालचा हरेश शिरगावच्या पुढच्या कोळीवाड्यातला. एकदा चहा पिताना म्हणाला, "साहेब, गावात आमचा खेळ हाय. समुद्रातला राक्षस आनि त्याला मारायला येनारा राजा. राजाचं काम करनार?"

"मी? का रे, गावात कोणी नाही?"

"गावातला कुनी तयारच होत नाय!"

इथेच मला कळायला नको होतं का? पण मला वाटलं, बिचारे लाजत असतील. राजाला भारदस्त माणूस लागतो!

"आणि माझे संवाद?"

"गोष्ट राक्षस सांगतो, साहेब. सगळी त्याच्याच बाजूनं. तुमी नुसतं यायचं नि लढायला हाक मारायची."

राक्षस काय सांगणार, कपाळ! मी घरी बसून सात पानी भाषण लिहिलं. धर्म, कीर्ती, शौर्य, सगळं त्यात. आणि वर काय केलं ठाऊक आहे? साताऱ्याहून सासऱ्यांना बोलावून घेतलं!

आमचे सासरे निवृत्त सुभेदार. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत त्यांच्या गोठ्यातलं रेडकू माझ्या अंगावर आलं आणि मी गवताच्या गंजीवर चढलो. तेव्हापासून त्यांनी माझ्याशी बोलणंच सोडलं. काही विचारायचं झालं तर मुलीला विचारतात, मी शेजारी बसलेला असलो तरी! म्हटलं, बघू देत एकदा जावयाला तलवार घेतलेलं.

खेळ संध्याकाळी, किनाऱ्यावर. ओहोटी लागलेली. सगळा कोळीवाडा वाळूत बसला होता, पुढे सुभेदार, शेजारी बायको. मी पुठ्ठ्याचा मुकुट घालून ढोलांच्या गजरात होडीत उभा राहिलो. "मी वीरांचा वीर!" असं म्हणालो मात्र, सगळे खो खो हसायला लागले. वाटलं, आवाज पोचला नसेल. मग ओरडून म्हणालो. आणखी हसले!

तेवढ्यात राक्षस आला.

खरं सांगतो, अजून काटा येतो अंगावर. ना शिंगं, ना सुळे. हरेशची आई, जानकीबाई, सुकी मासळी विकणारी साठीची बाई. अंगभर जुनी फाटकी जाळी पांघरून ती पाण्याच्या कडेने सावकाश चालत आली आणि वाळूत बसली. एवढा गाव, पण लहान पोरंसुद्धा गप्प झाली.

"मी झोपलेलो," ती हळूच म्हणाली. "वर लोकांची जाळी भरत व्हती. कुनाला तरास नाय. मंग हा आला, ढोल घेऊन. म्हने, लढ. मी इचारलं, कशापायी? म्हने, माजं नाव व्हायला पायजे!"

मी सात पानांतलं सगळं विसरलो. तरी तलवार उगारून होडीतून उडी मारली आणि गुडघाभर चिखलात रुतलो. त्यातच पायाला चिंबोरीने, म्हणजे खेकड्याने, धरलं.

"आई गं! काढा मला!"

लोक हसून हसून लोळायला लागले. जानकीबाई मात्र हसली नाही. जाळी सावरत चिखलात उतरली, मासळीची पाटी उचलावी तसं मला खांद्यावर घेतलं आणि कोरड्या वाळूत आणून ठेवलं. डोक्यावरचा मुकुट सरळ केला.

"जा राजा," ती म्हणाली. "राक्षसाला मारला म्हनून सांग घरी. माजं काय जातंय?"

सगळ्या गावाने तिला हात जोडले. मीही जोडले, आणि त्यात अभिनय नव्हता. एवढी मोठी बाई मी कधी पाहिली नव्हती. मला मारायला आलेल्याला मी असा उचलला असता?

रिक्षाने बोईसरला घरी परतत होतो. चिखल वाळून पाय तडतडत होते. म्हटलं, संपलं, आता सासरे मुलीशीही बोलायचे नाहीत. तेवढ्यात सुभेदार खाकरले.

"जावईबापू."

अहो, चक्क मला! इतक्या वर्षांत पहिल्यांदा!

"एवढ्या लोकांसमोर स्वतःचं हसं करून घ्यायला छाती लागते. आम्हाला नसतं जमलं. आणि ते किंचाळणं! अगदी खरं वाटलं हो. किती दिवस सराव केलात?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिच्या पर्समध्ये माझी सात पानं होती.

मी मुकुट मांडीवर नीट ठेवला आणि म्हणालो, "पंधरा दिवस!"