व्यंकटच्या गाडीचं पायदान

आमच्या खटकचिंचोळीत गाड्या काय कमी आल्या? फटफटी आली, ट्रॅक्टर आला, ऊस तोडायचं यंत्र आलं. पण व्यंकटची गाडी पहिल्यांदा गल्लीत शिरली तेव्हा कोंबड्यासुद्धा रस्ता सोडून उकिरड्यावर जाऊन बसल्या. मी समोरच्याच ओट्यावर बसतो, माझ्या डोळ्यांदेखतची गोष्ट आहे.

व्यंकट म्हणजे नागूबाईचा एकुलता एक. बाप लवकर गेला, पोरगं आईनं वाढवलं, आणि लहानपणापासून त्याला वेड एकच, उंच बसायचं. शाळेला जायला सायकल घेऊन दिली, तर पठ्ठ्यानं सीट इतकी वर काढली की मारुतीच्या पारावर चढल्याशिवाय सायकलवर बसता येईना. आणि उतरायला पुन्हा पार लागे. शाळेपाशी पार नव्हता. मग तो रोज गुरुजींना धरून उतरायचा. एकदा गुरुजींचं लक्ष नव्हतं, तर गुरुजी खाली आणि हा वर. गुरुजींचा पुढचा दात गेला तो गेलाच. पुढं आयुष्यभर ते ‘सरस्वती’ म्हणताना शिट्टी वाजायची आणि आम्ही मागच्या बाकांवर तोंड दाबून हसायचो. मी तेव्हा शाळेच्या कमिटीवर होतो, म्हणून बाकावर बसायला मिळायचं.

तर गाडी. हमरस्त्याला लागून नागूबाईच्या माहेरची एक पट्टी होती, तिच्या नावावर. ती विकल्याशिवाय गाडी येत नव्हती. म्हातारी अंगठा द्यायला तयार होईना. व्यंकट तिच्या पायाशी बसला. तो खाली बसलेला मी तेवढाच एकदा बघितला.

“माय, तुला ह्या गाडीत बसवून कोहिनूरला नेतो. भागामावशीच्या दारात उतरवतो. राणीवाणी.”

भागाबाई म्हणजे नागूबाईची धाकटी बहीण, तिकडं कोहिनूरला दिलेली, कल्याण तालुक्यात. मुंबईकडचं कल्याण नव्हे, आमच्या कानडी मुलखातलं. दोघी विधवा, दोघी थकलेल्या. एस.टी. बदलत बदलत जायचं दोघींच्यानं व्हायचं न्हाई, त्यामुळं कैक वर्षांत गाठ नव्हती. नागूबाईनं अंगठा दिला तो कोहिनूरसाठी. गाडी कुठल्या कंपनीची, चारी चाकांना जोर आहे का दोनच, ह्याच्याशी तिला काय करायचं होतं?

गाडी आली ती जुनी होती, दिल्लीकडची. आल्या दिवशीच नागूबाईनं लुगडं बदललं. व्यंकट म्हणाला, “थांब माय, आधी टायरं बदलू.” टायरं बदलली, ती तिच्या कमरेइतकी. मग स्प्रिंगा आणि शॉकअप बदलून गाडी वर उचलली. मग नाकापासून टपापर्यंत एक काळा नळ बसवला, पुराच्या पाण्यातून जाताना इंजिनानं श्वास घ्यायला. आमच्याकडं पूर कुठला? पाऊस झाला तर ओढा गुडघ्याला लागतो. पोरं नळाला सोंड म्हणायची. टपावर दिव्यांची माळ लागली. हे सगळं हुमनाबादला, ढाब्यामागं नरसिंगचं गॅरेज आहे तिथं. नरसिंगचं तोंड दख्खनी आणि हात सढळ, अर्थात दुसऱ्याच्या गाडीवर. एक काम झालं की तो गाडीभोवती फिरून म्हणायचा, “हौ अण्णा, बढिया है. लेकिन थोडी और ऊंची रही तो...” की व्यंकट पुन्हा आठवडाभर गाडी तिथंच ठेवून यायचा. नागूबाई विचारायची, “आली का रं गाडी?” सून विजयश्री आतून म्हणायची, “गाडी माहेरी गेलीय आत्या. तिचं माहेर आपल्यापरीस जवळ हाय.”

देखभाल मात्र बघण्यासारखी! दर रविवारी गडी गाडीखाली उताणा. एकेका सांध्याला निपल असतं, त्याला पिचकारी लावून ग्रीस मारायचं, जुनं ग्रीस बाहेर आलं की बोटानं पुसून नाकाला लावून वास घ्यायचा. हवेची जाळी काढून फुंकायची. चाकाच्या वरच्या पोकळीत आमची काळी माती घट्ट बसते, ती खुरप्यानं कोरून काढायची. मग धुऊन लख्ख करायची, आणि मग ओढ्यात नेऊन पुन्हा चिखल उडवून आणायची, कारण स्वच्छ गाडीला कोण बघतंय? गाडीतून कुठंतरी ‘कुई’ आवाज आला की तो जेवण टाकून उठायचा.

नागूबाई एकदा म्हणाली, “व्यंकट, माझे गुडघे बी कुई करायलेत बाबा.”

“तुझ्या गुडघ्याला निपल न्हाई माय,” व्यंकट गाडीखालूनच म्हणाला, “न्हाईतर दोन पिचकाऱ्या मारल्या असत्या.”

अख्खी गल्ली हसली. म्हातारीही हसली. लेक बोलला ह्याचंच तिला कौतुक.

शेवटी राहिलं ते पायदान. दारांखाली लांबलचक पट्टी असते, तिच्यावर पाय देऊन माणूस आत चढतो, ते. बांध ओलांडताना ते घासायचं. नरसिंग म्हणाला, “पायदान कायकू अण्णा? मरदां को पायदान नक्को.” झालं, पायदान काढलं. आता गाडी अशी मोकळी दिसायची की खालून कुत्रं मान वर करून जायचं. विजयश्रीनं त्याच दिवशी सांगून टाकलं, “त्या मचाणावर मी चढणार न्हाई.” व्यंकट स्वतः वरची दांडी धरून उडी मारायचा. आणि पायदान? ते गोठ्यात टाकलं होतं. विजयश्री त्याच्यावर भांडी उपडी घालायची.

नागपंचमीच्या दिवशी मात्र नागूबाईनं हट्टच धरला. कोहिनूरहून सांगावा आला होता की भागाबाईला दिसायचं कमी झालंय, ताईचं तोंड एकदा बघू दे. म्हातारीनं तंबिटाचे, म्हणजे भाजल्या पिठाचे, लाडू बांधले, केसांना तेल लावलं, आणि गठुडं घेऊन गाडीपाशी उभी राहिली. व्यंकटचा नाइलाज झाला. तो वर चढून बसला, इंजिन चालू केलं, कारण थंड इंजिन न्यायचं नसतं, आणि गाणी लावली.

आता चढवायचं कसं? शेजारचा शिवय्या धावून आला. हा भाजीचा टेम्पो चालवतो, माणूस सोन्यासारखा, घरात कानडी आणि दारात मराठी. पण घाई झाली की दारातही कानडी. त्यानं तेलाचा रिकामा डबा उपडा घातला, नागूबाईला त्याच्यावर उभं केलं, कमरेला आधार दिला. म्हातारीनं दाराची कड धरली. एक पाय डब्यावर, दुसरा हवेत.

“काल हाक अव्वा!” शिवय्या म्हणाला.

कानडीत अव्वा म्हणजे आई, काल म्हणजे पाय, आणि हाक म्हणजे टाक. पाय टाक, एवढंच. हे आमच्या गावात पाळण्यातल्या पोरालाही कळतं. नागूबाईला कळलं, मला ओट्यावर कळलं. म्हातारीचा पाय काही पोचेना. शिवय्याला जोर आला, “हाक अव्वा, हाक! हाक!”

व्यंकटही कानडी बोलतो, बाजारात बोलतो, तहशीलीत बोलतो. पण हात गिअरवर असलेल्या मराठी माणसाला ‘हाक’ म्हटलं की एकच कळतं. त्यानं हाकली.

डबा गडगडत गेला. म्हातारी दाराला लोंबकळली, दोन ढांगा गेली, आणि मग पिकलेलं सीताफळ फांदीवरून सुटावं तशी सुटली. नेमकी त्या डब्याच्या कडेवर. लाडू रस्ताभर. उकिरड्यावर बसलेल्या त्या कोंबड्यांनी तेवढ्यासाठी मात्र रस्त्यावर यायची कृपा केली.

व्यंकटनं थोडं पुढं जाऊन गाडी थांबवली, आरशात बघितलं. “चढली का?”

“चढली न्हाई रे, पडली!” मी ओरडलो.

तो उडी मारून आला. आधी डबा उचलला. “ह्यो डबा कुणी ठिवला गाडीखाली? टायर फाटलं असतं म्हंजे?” मग दारापाशी वाकला, बोट फिरवलं. रंगावर नखांच्या चार रेघा होत्या. “बघ की गं माय,” तो रडवेला झाला, “कसं वरबाडलंस.”

“चुकलं बाबा,” नागूबाई पडल्या जागेवरून म्हणाली.

माकडहाड नव्हे, खुब्याचं हाड मोडलं होतं. तिला त्या गाडीत घालायला कुणाला जमेना, उचललं की किंचाळायची. शेवटी शिवय्याच्या टेम्पोत कोथिंबिरीच्या पोत्यांवर झोपवून हुमनाबादला नेली. व्यंकट पुढं, टपावरचे सगळे दिवे लावून, भर दुपारी. बाजू मिळाली हो रस्त्यात, ते मान्य करावं लागेल. शिवय्या सारा वेळ रडत होता आणि रडताना मराठीतच बोलत होता. डॉक्टरांनी सळई घातली. आता चालणं कठीण, म्हणाले.

घरी आल्यावर म्हातारीची बाज टाकली गाडीच्या शेडमध्ये. ओसरी पाडूनच ते शेड केलेलं, दुसरीकडं जागा कुठली? रविवारी गाडी धुताना फवारा बाजेवर यायचा. “माय, तोंड तिकडं कर,” व्यंकट सांगायचा. ती करायची. रंगावरच्या त्या चार रेघा मात्र नरसिंगनं अशा घालवल्या की शोधून सापडू नयेत. कलाकार माणूस.

नागूबाईचं एकच टुमणं चालू होतं. “कोहिनूरला ने रं.” जेवण आलं की कोहिनूर, गोळी दिली की कोहिनूर. शेवटी नरसिंगनंच तोड काढली. गाडीच्या तपासणीला आला होता, बाजेकडं बघून म्हणाला, “इंजन उठता अण्णा, तो अम्मा क्या चीज है?”

व्यंकटचे डोळे चमकले. संक्रांत झाल्यावरच्या सोमवारी लिंबाच्या फांदीला चेनपुली टांगली. ट्रॅक्टरचं इंजिन उचलायला असते ती. प्लॅस्टिकच्या खुर्चीत नागूबाईला बसवलं, आणि इंजिन बांधायच्या पट्ट्यानं आवळलं. पट्ट्याला ग्रीस होतं, नव्या लुगड्यावर काळे पट्टे उठले.

शिवय्या म्हणाला, “कामून ह्यो तमाशा? दोघं मिळून उचलू की अलगद.”

“उचलशील,” व्यंकट म्हणाला, “मग व्हिडिओत काय दाखवू? तुझं तोंड?”

नरसिंग साखळी ओढत गेला, कटकट कटकट, आणि म्हातारी वर. तिनं डोळे मिटून मांडीवरचं गठुडं घट्ट धरलं होतं. दाराच्या उंचीला आली तेव्हा खुर्ची गरकन फिरली आणि तिची पाठ दाराकडं झाली. सगळे खो खो हसले. पुन्हा खाली, पुन्हा वर. तिसऱ्या खेपेला कशीबशी आत ढकलली. तो व्हिडिओ आमच्या तालुक्यातच काय, पार लातूरपर्यंत फिरला. खाली लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली आणि लिहिलं, असा मातृभक्त मुलगा प्रत्येक घरात जन्मावा.

मला आणि शिवय्यालाही गाडीत घेतलं. मला शिवय्यानं खालून ढकललं, शिवय्याला कुणी ढकललं ते मला दिसलं नाही. वर बसल्यावर मात्र मजा आहे, खोटं कशाला सांगू. तुरीच्या रानावरून नजर पार क्षितिजाला जाते, मोटारसायकलवाले मुंग्यांसारखे दिसतात. नागूबाई काचेला नाक लावून बघत होती. खड्डा आला की तोंड वेडंवाकडं करायची, खड्डा गेला की पुन्हा बघायची. “माय, शॉकअप कसे हायत?” व्यंकटनं विचारलं. “लई मऊ हायत बाबा,” ती म्हणाली.

कोहिनूरला गाडी भागाबाईच्या गल्लीत शिरेना. टायरं बाहेर काढलेली, दोन्हीकडच्या भिंतींना घासली असती. वेशीपाशीच उभी केली. निरोप गेला. भागाबाई आली, पोराच्या आधारानं, कमरेत पार मोडलेली. तिचं तोंड जमिनीकडंच, वर उचलताच येत नाही.

दार उघडलं. वरून नागूबाई, खालून भागाबाई.

“ताई, कुठं हायस गं?”

“हिकडं, वर.”

नागूबाईनं हात खाली सोडला. पट्ट्यात आवळलेली, किती वाकणार? भागाबाईनं हात वर केला, तो दाराच्या उंबऱ्यालाही लागेना. दोघींच्या मध्ये माणूसभर मोकळी हवा, जिथं पायदान असतं तिथं.

शिवय्या म्हणाला, “उतरवू या की रे हातावर.”

“आन् चढवायचं कसं?” व्यंकट म्हणाला. “पुली लिंबाला ऱ्हायली.” तेही खरंच होतं. ती कुणाच्याच ध्यानात आली नव्हती.

भागाबाई चाचपडत पुढं आली. मोठ्या बहिणीच्या पाया पडायची रीत. तिच्या हाताला जे लागलं ते टायर. दिसत तर काही नव्हतं. तिनं दोन्ही तळवे त्याच्यावर ठेवले, कपाळ टेकवलं, आणि म्हणाली, “ताई, पाय किती गार पडलेत गं तुझे.”

व्यंकटला हसू आवरेना. त्यानं फोन काढला. “मावशी, तसंच थांब, जरा इकडं तोंड कर.”

नागूबाई वरून बघत होती. म्हणावं, ते पाय माझे न्हाईत, तर बहिणीनं एवढ्या भक्तीनं केलेला नमस्कार वाया जायचा. गठुड्यातले तिळाचे लाडू तिनं एकेक करून खाली सोडले, भागाबाईच्या पोरानं ते सदऱ्याच्या ओच्यात झेलले. मग तिनं दाराची कड धरली, त्याच रेघांच्या जागेला, आणि म्हणाली,

“हाक.”

मागच्या सीटवर शिवय्या दचकला. माझ्या कानाशी लागून म्हणाला, “तात्या, अव्वा कुठलं हाक म्हणाली? चालव म्हणाली, का मला खाली टाक म्हणाली?”

मला काय ठाऊक? पण व्यंकटला एकच हाक कळते. त्यानं दार ओढून घेतलं, गाणी लावली आणि गाडी वळवली. भागाबाई तिथंच वाकून उभी होती, हात टायराच्या उंचीला धरून, आणि टायर निघून गेलं होतं.